कान कोणी टोचले

१

ओहोटी लागली तेव्हा वाळूत देवमासे पडलेले होते. चोचीसारख्या तोंडाचे, खोल पाण्यातले, एरवी माणसाच्या नजरेला न पडणारे. काही सुळक्याच्या या बाजूला, काही पार पलीकडच्या किनाऱ्यावर. अंगावर ओरखडा नाही. कानांच्या आत मात्र रक्त.

२

दोन बहिणी, दोन खोल्या, मध्ये एक भिंत. दिवा मालवला की थोरली नखाने भिंतीवर वाजवायची: टक टक... टक. म्हणजे ‘जागी आहेस?’ धाकटीने एकदा वाजवलं तर ‘आहे.’ दोनदा वाजवलं तर ‘आहे, पण भांडण अजून मिटलेलं नाही.’

३

शेगडीवर किटली शिटी मारत होती. मारून मारून दमली, पाणी आटलं, बूड करपलं. स्वयंपाकघरात माणूस होतं.

५

पोलिसांनी म्हाताऱ्या नावाड्याला दरडावून विचारलं, देवमाशांचे कान कोणी फोडले? तो म्हणाला, “सोनारानं टोचले.” पोलिसांनी बंदराजवळची दागिन्यांची सगळी दुकानं पालथी घातली.

(चौथा नंतर.)

धडाम

सागर संशोधन केंद्राची ध्वनिखोली एका माणसासाठी बांधलेली होती, आणि त्या सकाळी तिच्यात चार जण कोंबलेले होते. एकुलत्या खुर्चीवर धाकटी बसली होती, कारण खोली तिची होती.

समुद्र ऐकणं हे तिचं काम. खाडीच्या तोंडाशी एक बोया तरंगायचा, त्याच्याखाली पाण्यातला मायक्रोफोन टांगलेला असायचा. तो आठवडाभर ऐकायचा, नावाडीकाका त्याचं कार्ड काढून आणायचे आणि मग धाकटी ऐकायची. केंद्रातले लोक तिला कानसेन म्हणून चिडवत. तिची सख्खी थोरली बहीण तिथेच समुद्राचे नकाशे करायची आणि तिला सगळे ताईच म्हणत. साहेबसुद्धा, जे वयाने तिच्याहून मोठे होते.

पोलिस अधिकाऱ्याने मान हलवली. धाकटीने बटण दाबलं. देवमासे वाहून आले त्या पहाटेचा समुद्र खोलीभर पसरला, घोरणाऱ्या माणसासारखा. आणि मग,

धडाम.

“सुरुंग,” अधिकारी म्हणाला. “मासे मारायला पाण्यात सुरुंग लावला आणि मोठ्या धेंडांचे कान गेले. तुमच्या म्हाताऱ्याला पूर्वी एकदा याच धंद्यात पकडलं होतं ना?”

ते खरं होतं. तरुणपणी काकांनी ते पाप केलं होतं, शिक्षा भोगली होती आणि त्यानंतर सुरुंग सोडा, फटाकाही हातात धरला नव्हता. या दोघी बहिणींना वल्हं धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

“जित्याची खोड,” ताई पुटपुटली आणि तिने पदराने डोळे टिपले.

“उद्या चौकशी समिती येतेय,” साहेब म्हणाले. “त्यांना हेच ऐकवू. वाईट वाटतं, पण केंद्र तरी यातून सुटतं.”

केंद्र सुटणार होतं आणि काका अडकणार होते. त्या वयात तुरुंगात गेलेला माणूस बाहेर कसा येतो हे कोणाला सांगायची गरज नव्हती.

सगळे गेले. धाकटीने हेडफोन चढवले आणि तोच धमाका पुन्हा लावला. पुन्हा. पुन्हा. कार्ड आलं तेव्हा ती किनाऱ्यावर होती, पशुवैद्यांबरोबर रक्तामांसात कोपरापर्यंत हात घालून. पशुवैद्य तेव्हाच म्हणाले होते, “एका सुरुंगाने एवढ्या लांबच्या दोन किनाऱ्यांवर मासे येतात होय? हे कशाला तरी भिऊन, जीव घेऊन पळालेत.”

मोकळ्या समुद्रात आवाज निघाला की निघाला. परत आलाच तर तळाला शिवून, सावकाश, दमलेला येतो. हा धमाका निघाल्या निघाल्या चारही बाजूंनी आपटून परत आला होता.

समुद्राला भिंती नसतात. केंद्राच्या तळघरातल्या चाचणीच्या टाकीला असतात.

चार किल्ल्या

काका कोठडीत बाकावर मांडी घालून बसले होते. धाकटीला बघून हसले.

“हे कुठलं सोनाराचं खूळ काढलंत, काका? पोलिस सराफांच्या मागे लागलेत.”

“अगं, जहाजाचा सोनार! पाण्यात आवाज सोडून पाणबुडी हुडकतात तो. मी नीट सांगत होतो, त्या पोलिसानं मला सराफाचं नाव विचारलं.” ते पुढे झुकले. “त्या पहाटे मी होडीत होतो. फळ्यांतून तळपायाला आवाज लागला. शिट्टीसारखा, चढत जाणारा, परत परत. पायाला मुंग्या आल्या, पोरी. त्या बिचाऱ्यांचं काय झालं असेल? मी म्हटलं, कार्डात असेलच. म्हणून तर दुसऱ्या दिवशीच काढून आणलं.”

म्हणजे कार्डात शिट्टी होती. ती कापून तिथे धमाका शिवलेला होता. कार्ड ज्या कप्प्यात ठेवलं त्याला कुलूप, आणि किल्ल्या चार: साहेब, केंद्राची सगळी यंत्रं जिवंत ठेवणारा तारवाला, ताई आणि ती स्वतः. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

केंद्रात साहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. “त्या ध्वनिखोलीत मी शेवटचा गेलो तो उद्घाटनाची फीत कापायला. कात्रीसुद्धा शिपायाने धरली होती.” मग हळू आवाजात, “हे बघ, नौदलाने आपल्याला जहाज वापरायला दिलंय. शंका घ्यायच्याच असतील तर त्यांना ऐकू जाणार नाहीत अशा घे.”

तारवाला टाकीखाली आडवा पडला होता. फक्त पाय दिसत होते.

“ही टाकी मधे कोणी वापरली?” धाकटीने पायांना विचारलं.

“तेच म्हणतो मी! गळतीसाठी रिकामी करून ठेवलेली. रजेवरून येतो तर तुडुंब. वाटलं, तुम्हीच.”

“मी किनाऱ्यावर होते.”

“मग भुतानं भरली. नळ बंद करून गेलं, एवढे भुताचे उपकार.” तो बाहेर सरकला, चेहऱ्यावर ग्रीस. “तुमचं आणि काकांचं गूळपीठ मला माहितेय. माझं त्यांच्याशी जमत नाही, खरंय. माझे पाने घेऊन जातो म्हातारा. पण पान्यासाठी कोणी कोणाला तुरुंगात घालतं का? तुम्ही त्या नौदलाच्या कप्तानाला गाठा. सराव करायच्या आधी ते विचारून करतात म्हणे, पाण्यात कोणी आहे का. आणि विचारतात ते इथंच.”

“इथं कोणाला?”

तारवाल्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने स्वतःचंच नाव विचारलं होतं.

रिकामी खोली

नौदलाचा कप्तान बंदरातल्या एका अरुंद कचेरीत बसायचा. टेबलावर काहीच नव्हतं, पेनसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर.

“सराव झाला का, यावर मी बोलणार नाही.”

“मी विचारलंच नाही.”

“विचारणार होतात.” माणूस वाईट नव्हता. किनाऱ्यावर आला होता तेव्हा एका मेलेल्या पिल्लाजवळ टोपी काढून उभा राहिला होता. “समजा, रिकाम्या खोलीत कोणी ओरडलं. कोणाची झोप मोडते?”

“खोली रिकामी आहे हे कोणी बघितलं होतं?”

“आम्ही आमच्या मनाने करत नाही, बाई. तुमच्या केंद्राचा नियम आहे ना, दोन माणसांनी ऐकल्याशिवाय पाणी रिकामं म्हणायचं नाही? आम्ही मुद्दाम विचारलं, दोघांनी ऐकलंय का.” आता त्याच्या आवाजात चीड होती. “आणि आज तुम्ही मला विचारताय कोणी बघितलं!”

“कोण दोघं?”

“ताई,” कप्तान म्हणाला, “आणि तुम्ही.”

टक

त्या पाण्याच्या सर्वेक्षणाची ध्वनिफीत धाकटीने कधी ऐकलीच नव्हती.

केंद्रात परतल्यावर तिने ती ध्वनिफीत शोधून काढली. लपवलेली नव्हती; जागच्या जागी होती. चोचवाल्या देवमाशांची टकटक माणसाच्या कानापलीकडची, म्हणून ती दहापट संथ करून ऐकायची असते. मग ती उतरते, तरी बारीकच राहते, काचेवर टाचणी पडावी तशी. धाकटीने संथ करून लावली.

टाचण्यांचा पाऊस पडत होता. खोलवर, अंधारात, एकमेकांना आणि भक्ष्याला शोधणारं गजबजलेलं गाव. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ऐकू आलं असतं. आणि हे ऐकून ताईने सांगितलं होतं: पाणी रिकामं आहे. धाकटीनेही ऐकलंय.

तिचा विश्वास बसेना. माणूस सख्ख्या बहिणीवर संशय घेतो तेव्हा आधी स्वतःच्याच कानावर घेतो. तिने तो खोटा धमाका पुन्हा लावला आणि या वेळी समुद्राची खालची सगळी घरघर पुसून काढली.

केंद्रात एक रीत होती. मायक्रोफोन पाण्यात सोडला की तो जिवंत आहे का हे बघायला त्याच्यावर टिचकी मारायची. प्रत्येकाची टिचकी वेगळी. काका बोटाच्या पेराने एकदाच, दारावर थाप मारल्यासारखी. तारवाला स्क्रू-ड्रायव्हरने तीनदा. साहेबांनी कधी मारली असती तर शिपायाकडून मारून घेतली असती.

घरघर गेली. धमाक्याच्या किंचित आधी, टाकीत मायक्रोफोन सोडणाऱ्या हाताने, सवयीने, नखाने वाजवलं होतं.

टक टक... टक.

जगात ही खूण दोनच माणसांची होती. त्यातली एक हेडफोन लावून बसली होती आणि तिला माहीत होतं की ती आपण नाही. हे बाकी कोणालाही माहीत असायचं कारण नव्हतं.

किटली

ताईच्या स्वयंपाकघरात नवी किटली होती. “जुनी करपली,” ताई म्हणाली. तिने पाणी ठेवलं, समोर येऊन बसली आणि नेहमीसारखी धाकटीच्या तोंडाकडे बघू लागली. ताईची ही सवय सगळ्यांना आवडायची. किती मन लावून ऐकतात, म्हणायचे लोक.

धाकटीने टेबलावर नखाने वाजवलं: टक टक... टक. ताईची नजर तिच्या बोटावर होती.

“कुठे मिळालं?” ताईने विचारलं.

“धमाक्याच्या आधी. टाकीत.”

“मी वाजवलं होतं?” तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. “बघ, सवय.” मग ती उठली, शेगडीकडे पाठमोरी उभी राहिली, उगीच कप पुसत. “खरं कार्ड समुद्रात टाकलं. शोधू नकोस. तो नकाशा माझा होता, ते पाणी मी रिकामं सांगितलं होतं. इतकी वर्षं माझ्या शब्दावर जहाजं चालतात. एका रात्रीत सगळं...” तिचे खांदे हलले. “काका म्हातारे आहेत. त्यांना फार शिक्षा नसते करत.”

“ताई! त्यांनी आपल्याला खांद्यावर बसवून समुद्र दाखवला.”

ताई वळली नाही. तिच्या मागे किटलीने शिटी धरली. आधी बारीक, मग चढत चढत, खिडकीच्या काचा थरथराव्या अशी. किटली ताईपासून हातभर अंतरावर होती. ताई कप पुसत राहिली.

धाकटी ओरडली नाही, तिने उठून शेगडी बंद केली. ताई दचकली. “अगं, झालं होय पाणी?”

टाचण्यांचा पाऊस. काचेवर. ताईने खोटं सांगितलं नव्हतं. तिला ते पाणी खरंच रिकामं ऐकू आलं होतं.

विचारायला हवं होतं, कधीपासून? पण चाळिशीपलीकडच्या बहिणीला तिच्या कानांबद्दल विचारणं म्हणजे तिचे कपडे उतरवण्यासारखं वाटलं. धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड दिसेल अशी.

“माझं नाव का सांगितलंस?”

“तुझ्या कानांवर सगळ्यांचा विश्वास आहे.”

“मग मला ऐकवायचं.”

ताईने धाकटीचा हात हातात घेतला. “उद्या मी सांगते. समितीपुढे. माझ्या तोंडाने सांगू दे, एवढं कर. तू मध्ये बोलू नकोस.”

“नक्की?”

“आईची शपथ.”

धाकटी घरी गेली आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

कानांवर हात

समिती जेवणाच्या हॉलमध्ये बसली. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. बारीक चणीच्या, आणि बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्यांकडे जास्त बघणाऱ्या. काका दोन पोलिसांच्या मध्ये. कप्तान भिंतीशी. ताई टेबलाच्या कोपऱ्यावर, पुढ्यात नकाशा पसरून, हातात पेन्सिल.

धाकटीने आधी खोटा धमाका ऐकवला. मग त्याच सकाळी तारवाल्याने तळघरातल्या टाकीत घण मारून केलेला दुसरा. दोन्ही आवाज जुळ्या भावंडांसारखे. काकांच्या हातकड्या वाजल्या. म्हातारा डोळे पुसत होता.

“मग हे केलं कोणी?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

धाकटीने घरघर पुसलेला तुकडा लावला. टक टक... टक.

“ही खूण कोणाची?”

धाकटीने ताईकडे बघितलं. ताई उठली. तिने पदर सावरला, अध्यक्षबाईंच्या तोंडाकडे बघत शांतपणे बोलली.

“आमच्या घरातली आहे. लहानपणी मीच शिकवली, धाकटीला.” ती थांबली. “पोर भित्री आहे, बाई. ते पाणी तिनेच ऐकलं होतं. मी नकाशावाली, मी तिच्या कानांवर विसंबले. मासे मेलेले बघून घाबरली असेल. तिला सांभाळून घ्या.”

आणि खाली बसून नकाशावर झुकली.

केसाने गळा कापणं म्हणतात. इथे तो मायेने केस विंचरता विंचरता कापला होता. साहेब खुर्ची मागे सरकवून धाकटीपासून जरा लांब झाले. काका तेवढे म्हणाले, “खोटं आहे हे,” पण कैद्याचं कोण ऐकतं?

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. दुसरा सोनार तिथे नव्हता.

“मला अजून एक आवाज ऐकवायचाय,” धाकटी म्हणाली. कोणाला काही न सांगता तिने बटण दाबलं.

सुईसारखा, उंच, सलग स्वर हॉलभर घुसला. कप्तानाने दात आवळले. तारवाल्याने एक शिवी हासडली. साहेब, काका, दोन्ही पोलिस, खुद्द अध्यक्षबाई, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. जिने आतापर्यंत कानांवर हात ठेवले होते ती एकटी नकाशावर पेन्सिल फिरवत होती. किनाऱ्याची रेघ पक्की करत होती.

धाकटीने स्वर बंद केला. कोणी हललं नाही.

ताईला काहीतरी जाणवलं. तिने मान वर केली. सगळे कानांवर हात ठेवून आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं, आणि घाईघाईने, चेहरा वेडावाकडा करत, तिनेही कानांवर हात ठेवले.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. तिला सोडून.

“बाई,” धाकटी म्हणाली, “घरघर पुसल्यावर हेडफोन लावून ती टकटक कोणालाही ऐकू येते. धमाका मी शिवला असता तर ती मी पहिल्यांदा कापली असती. जिला ती ऐकूच येत नाही, तिच्याच हातून ती राहू शकते. ते पाणीही तिला तसंच रिकामं वाटलं. सर्वेक्षणाची फीत इथे आहे. तुम्हीच ऐका, त्यात कोण कोण आहे.”

अध्यक्षबाईंनी ऐकली. मग कप्तानाने ऐकली. हेडफोन काढून त्याने ते टेबलाच्या कडेला समांतर ठेवले.

“त्या पहाटे आमच्या जहाजाने सोनार लावला होता,” तो म्हणाला. “पाणी रिकामं आहे असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. माझ्या हुद्द्यासकट लिहून घ्या.” ताईकडे न बघता तो बाहेर गेला.

काकांच्या हातकड्या निघाल्या. ते मनगटं चोळत धाकटीजवळ आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

दारापाशी ताईने तिचा दंड धरला. “चारचौघांत? मला घरी सांगता नसतं आलं तुला?”

“सांगणार होते,” धाकटी म्हणाली. “किटली वाजत होती.”

हे तिने पाठ फिरवून सांगितलं.

४

सर्वेक्षणाची फीत ताईने ज्या दुपारी ऐकली, त्या दुपारी धाकटी शेजारच्याच खोलीत काम करत होती. मधली भिंत प्लायवूडची आहे. त्या दुपारी तिच्यावर नख वाजलं नाही.